‘क्लेम करू नका’ सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज दर पावसाळ्यात उगवतो. यंदा पुन्हा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘गाडीला अपघात झाला की विम्याचा प्रीमियम दुप्पट होतो, तोही पाच वर्षं. पोलिसांत नोंद झाली तर आणखी वाढतो. चूक समोरच्याची असेल तर मात्र काळजी नाही. पन्नास हजारांपर्यंतचा खर्च खिशातूनच करा. क्लेम झालाच असेल तर पुढच्या वर्षी कंपनी बदला, पाटी कोरी.’

शेजारच्या काकांनी हे मनावर घेतलं आणि वारज्याला ठोकलेल्या गाडीचे ६२,००० रुपये स्वतः भरले. झीरो डेपची, म्हणजे बदललेल्या भागांवर घसारा न कापणारी पॉलिसी हातात असताना! म्हणून हे लिहितोय.

अपघात झाला की प्रीमियम वाढतो, हे अमेरिकेत बऱ्याच अंशी खरं आहे. तिथे तुमच्या चुकीने अपघात झाला की पुढची तीनेक ते पाच वर्षं जास्त भरावं लागतं. कुणीतरी तिकडचं ज्ञान इकडे ओतलंय. आपल्या पॉलिसीत दोन वेगळे भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचा खर्च. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनच्या सीसीवर असतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. तुम्ही वर्षात एकही ओरखडा काढला नाहीत काय किंवा तीन रिक्षा चेपल्यात काय, हा आकडा तोच.

ओन डॅमेजचं गणित निराळं. तिथे नो क्लेम बोनस असतो: क्लेमशिवाय एक वर्ष गेलं की २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. क्लेम घेतला की सूट शून्यावर. ‘दुप्पट’ आलं ते इथून. पन्नास टक्के सूट गेली की ओन डॅमेजचा भाग खरोखर दुप्पट होतो. पण फक्त तो भाग, आणि तोही पहिल्याच वर्षी. मग सूट पुन्हा २०, २५ अशी चढत जाते.

आता पन्नास हजारांची गोष्ट, कारण खरा घोटाळा इथे आहे. समजा सूट धरण्याआधी तुमचा ओन डॅमेजचा प्रीमियम ८,००० आहे आणि बोनस पूर्ण ५० टक्के. क्लेम केलात तर पहिल्या वर्षी ४,००० जास्त जातील, दुसऱ्या वर्षी २,४००, मग २,०००, १,२०० आणि शेवटी ४००. एकूण १०,०००, जीएसटी वेगळा. गाडी जुनी होते तशी तिची विम्यातली किंमत उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून थोडं कमीच. म्हणजे पूर्ण बोनस असेल तर क्लेम करावा की नाही याची सीमारेषा सूट धरण्याआधीच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या साधारण सव्वापटीवर आहे. पन्नास हजार हा आकडा कुठून काढला देव जाणे. काकांचा ओन डॅमेज सूट धरण्याआधी ९,२०० होता. बोनस शाबूत राहिला आणि रिन्यूअलला ४,६०० वाचले, हे ते अजून अभिमानाने सांगतात.

उलटही होतं. सदाशिव पेठेत उभ्या गाडीला रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोने माझा मागचा बंपर फोडला. बिल ९,२००: बंपर ३,८००, पेंटिंग ४,०००, मजुरी १,४००. माझ्याकडे झीरो डेप नाही. प्लास्टिकला ५० टक्के घसारा, म्हणून बंपरचे १,९०० मिळणार. पेंटिंगच्या बिलातला पाव भाग रंगाचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणून तिथे ३,५००. मजुरी पूर्ण. वरून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० वजा. हाती ५,८००, आणि त्यासाठी बोनस घालवायचा? नाही केला क्लेम.

‘चूक समोरच्याची असेल तर काळजी नाही.’ आहे, पुरेपूर आहे. बोनसचं नावच नो क्लेम आहे, त्यात चुकीचा विचारच नाही. नवले पुलाच्या उतारावर मागून कुणी धडकलं आणि तुम्ही आपल्या पॉलिसीतून दुरुस्ती केलीत, तरी बोनस गेलाच. समोरच्याच्या थर्ड पार्टीतून वसूल करायचं तर पोलिसांत नोंद आणि शिवाजीनगरच्या कोर्टात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. डिकीच्या पोच्यासाठी एवढ्या फेऱ्या कुणी मारत नाही. रस्त्यातच हुज्जत घालून दोन हजारांवर मिटवतात.

‘पोलिसांत नोंद झाली तर आणखी वाढतो.’ नोंद झाल्याने थर्ड पार्टीचा सरकारी दर हलत नाही. जखमीचा दावा थर्ड पार्टीवर जातो आणि तेवढ्याने तुमचा बोनसही मोडत नाही. तेव्हा प्रीमियमच्या भीतीने जखमी माणसाला टाळून पळणाऱ्याला हा मेसेज फुकटचं निमित्त देतो, आणि मला त्याचा सगळ्यात जास्त राग याच वाक्यासाठी आहे.

एक कबूल करतो. ओन डॅमेजचे दर २००७ पासून कंपन्यांवर सोडलेत, त्यामुळे लागोपाठ क्लेम असतील तर एखादी कंपनी वरून आणखी लावू शकते. रिन्यूअलला दोन-तीन ठिकाणी दर विचारावेतच. पण ‘कंपनी बदला, पाटी कोरी’ हा सल्ला घातक आहे. बोनस मालकाच्या नावाने चालतो, तसा क्लेमही. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते. क्लेम लपवून बोनस घेतलात तर पुढच्या अपघाताच्या वेळी, नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेल्यावर, ओन डॅमेजचे पैसे नाकारले जाऊ शकतात. ‘क्लेम घेतलेला नाही’ असं लिहून दिल्यावरच ती सूट मिळालेली असते.