‘प्लेटवरचा आकडा हाच खरा’ : कार्टच्या वजनाबाबत फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

रेसिंग कार्टचे (शर्यतीच्या छोट्या, उघड्या चारचाकी गाडीचे) चारही टायर काढून त्यांच्या जागी कडक लोखंडी प्लेटा लावाव्यात, मग चार चाकांखालच्या वजनकाट्यांवर येणारे आकडे हेच गाडीचे खरे आकडे, टायर खोटे बोलतात, त्यानंतर टायरवर पुन्हा वजन करण्याची गरज नाही आणि चालकाऐवजी सीटवर वाळूची गोणी ठेवली तरी चालते, असे सांगणारा संदेश खानदेशातील अभियांत्रिकीच्या मुलांमध्ये फिरतो आहे. जळगावात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तो नुसता पुढे पाठवला असता तर मी दुर्लक्ष केले असते. परंतु त्याच्या चमूने त्यावर विसंबून किंगपिनवरचे, म्हणजे पुढचे चाक ज्या खिळीभोवती वळते तिच्यावरचे, गाडीचा तो कोपरा वर-खाली करणारे वॉशर बदलायला घेतले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

‘खरा आकडा’ हा दावा सर्वांत घातक आहे. कार्टला सस्पेन्शन, म्हणजे चाकांचे धक्के शोषणारी स्प्रिंगसारखी रचना, नसते. सीआयके-एफआयए या आंतरराष्ट्रीय कार्टिंग संस्थेच्या तांत्रिक नियमांत लवचीक किंवा सांध्यांचे कोणतेही सस्पेन्शन निषिद्ध आहे. त्यामुळे गाडीत दबणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोनच उरतात : फ्रेमचा पीळ आणि टायर. प्लेटा लावून त्यांतली एक काढून टाकायची आणि उरलेल्या गाडीला खरी म्हणायचे, हे कोणत्या न्यायाने? शहाबादी फरशीवर डुगडुगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवली की भार एका कर्णावरून दुसऱ्यावर जातो. प्लेटांवरच्या कार्टचेही तसेच होते आणि १ मिमीच्या फरकाने काटे भलतेच हलतात. टायर असले की तोच फरक फ्रेम आणि टायर वाटून घेतात. दोघांची ताठरता समान आहे असे धरले, तर प्लेटांवर दिसणारी ४ किलोची तफावत टायरवर २ किलोच राहील.

चार आधारांवरचा भार केवळ गुरुत्वमध्यावरून ठरत नाही, तो आधारांच्या ताठरतेवरूनही ठरतो. टेकण्याच्या जागा तशाच ठेवल्या तर पुढचा-मागचा आणि डावा-उजवा वाटा दोन्ही पद्धतींत जवळपास सारखाच येईल. बदलतो तो क्रॉस, म्हणजे पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक मिळून उचलतात तो हिस्सा. एका बाजूला इंजिन आणि दुसऱ्या बाजूला सरकवलेली सीट असलेल्या गाडीत तर तो हमखास बदलतो, आणि वॉशर बदलून आपण नेमका त्यालाच हात घालतो.

टायरमुळे आकडे हलतात, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागेल. मे महिन्यात जळगावात सकाळी २८ अंशांवर १० पीएसआय भरलेला टायर दुपारी ४३ अंशांवर सुमारे सव्वा पीएसआयने वाढतो. झीज चारही टायरांची सारखी नसते. शिवाय गाडी खाली ठेवताना टायर काट्यावर घट्ट बसून बाजूचा ताण धरून ठेवतो, जिथे प्लेट सहज सरकते. म्हणून धडक बसलेली फ्रेम वाकली आहे का हे तपासायला किंवा हंगामाच्या सुरुवातीची नोंद ठेवायला प्लेटा उपयोगी आहेतच. पण त्यानंतर शर्यतीचेच टायर, ठरलेल्या हवेसह, लावून पुन्हा वजन केले पाहिजे. दोन नोंदींमधला फरक टायरांमुळे किती बदल होतो ते सांगतो, आणि संदेश नेमकी तीच नोंद टाळायला सांगतो.

वाळूच्या गोणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चालकाचे वजन बहुधा गाडीच्या वजनाच्या जवळपास जाते, आणि त्याचे पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर व पाठ सीटला टेकलेली असते. गोणी सगळा भार सीटच्या बुडाशी देते.

‘कोणत्याही पत्र्याच्या चार सारख्या चकत्या प्लेटा म्हणून चालतात’ हे संदेशातले वाक्यही चूक आहे. कार्टचा पुढचा टायर साधारण १० इंची आणि मागचा ११ इंची असतो. चारही चकत्या एकाच मापाच्या घेतल्या तर मागची बाजू पुढच्याच्या तुलनेत अर्धा इंच खाली बसते, आणि १०४० मिमी व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराच्या) गाडीत कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकण्याचा कोन, सुमारे ०.७ अंशाने बदलतो. भाच्याच्या चमूने चकत्या एकाच मापाच्या कापल्या आहेत. वॉशरना पुन्हा हात लावण्याआधी त्यांनी मागच्या दोन चकत्या वेगळ्या कापून घ्याव्यात.