दहावीचे नवे नियम पालकांना त्यांच्या भाषेत सांगा

"टीचर, हे मार्क धरतात का?"

नववीच्या पालक सभेत सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. व्यवसाय शिक्षणाबद्दल विचारतात, चित्रकलेबद्दल विचारतात, पीटीबद्दल तर हमखास विचारतात. मला त्याचा राग येत नाही. ज्या आईवडिलांची स्वतःची दहावी भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं एवढ्यातच संपली, त्यांना दुसरं काय सुचणार? राग येतो तो आपण शाळांनी नव्या शैक्षणिक धोरणाने आलेला हा बदल त्यांच्यापर्यंत ज्या तऱ्हेने पोचवला त्याचा. परिपत्रक इंग्रजीत, सभेतल्या स्लाइड इंग्रजीत, शेवटी सही करायचा कागदही इंग्रजीत. आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरी तालुक्यांतले कितीतरी पालक मराठी प्राथमिक शाळेत शिकलेले. घरात कोंकणी बोलतात, वाचतात मराठी. पेपर मराठी, लग्नाची पत्रिका मराठी, देवळातली नोटीस मराठी. मुलाच्या दहावीचे नियम तेवढे इंग्रजीत!

म्हणून जे नक्की माहीत आहे ते इथे सरळ लिहिते.

गोव्यात 2024-25 पासून नववीला नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे शिकवायला सुरुवात झाली आणि 2025-26 मध्ये तीच मुलं दहावीत गेली. यामागची मूळ चौकट 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याची. त्यात नववी-दहावीसाठी दहा विषय सांगितले आहेत. तीन भाषा, त्यांतल्या निदान दोन भारतीय. मग गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं. आणि यांच्याच रांगेत कला, शारीरिक शिक्षण, व्यवसाय शिक्षण आणि आंतरविद्याशाखीय विषय. शेवटचं नाव ऐकून पालक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की एकच प्रश्न अनेक बाजूंनी अभ्यासायचा. पर्यावरण हे त्याचं उदाहरण. म्हादईचं पाणी, खाडीकाठच्या खाजन जमिनींचे बांध, आमच्या तालुक्यातल्या बंद पडलेल्या खाणी, यांत भूगोल किती, विज्ञान किती आणि अर्थशास्त्र किती, हे आपल्या मुलांइतकं दुसऱ्या कुणाला जवळून दिसणार?

व्यवसाय शिक्षणावर मात्र जरा थांबते, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. "आमचा मुलगा हुशार आहे, त्याला हे कशाला?" असं विचारणारे पालक मला दर वर्षी भेटतात. हा विषय अभ्यासात मागे पडलेल्या मुलांची सोय म्हणून ठेवलेला नाही. आराखड्यात त्याचे तीन भाग आहेत: सजीवांबरोबरचं काम, यंत्रं आणि वस्तूंबरोबरचं काम, माणसांच्या सेवेचं काम. आपल्याकडे बघा. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, पाणी कसं खेळवायचं, मिरीवेल पोफळीवर कशी चढवायची, हे पहिल्यात येतं. होडीचं इंजिन किंवा स्कूटर दुरुस्त करणं दुसऱ्यात. हॉटेलातला फ्रंट ऑफिस, दवाखान्यातली रुग्णसेवा तिसऱ्यात. गोव्यातली अर्धी घरं याच कामांवर चालतात, आणि तीच घरं मुलांना सांगतात की हे शिक्षण नव्हे. ज्या बापाने आयुष्यभर गॅरेजमध्ये काम करून घर उभं केलं, त्याच्या तोंडून हे ऐकताना मला फार वाईट वाटतं. त्याचं कौशल्य आता शाळेच्या वेळापत्रकात बसलंय, हे त्याला कुणीतरी त्याच्या भाषेत सांगायला हवं होतं.

या विषयांत भर प्रत्यक्ष करून दाखवण्यावर आहे. म्हणजे आदल्या रात्री गाइड वाचून निभत नाही. वर्षभर तासाला हजर राहावं लागतं, काम करावं लागतं, वही ठेवावी लागते. ट्यूशनसाठी मुलाला या तासांना दांडी मारायला लावू नका.

आता अकरावी. आराखड्याप्रमाणे दोन भाषा, त्यांतली एक तरी भारतीय, आणि आणखी चार विषय. हे चार विषय निदान दोन वेगळ्या गटांतले हवेत. पाचवा घ्यायचा तर घेता येतो. सायन्स, कॉमर्स, आर्ट्सच्या भिंती पाडायचा हा विचार आहे आणि मला तो मनापासून पटतो. फिजिक्सबरोबर संगीत घ्यायला मूल का घाबरावं? पण एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगायला हवी. विषय निवडायची मोकळीक मिळाली तरी पुढच्या प्रवेशाच्या अटी उठलेल्या नाहीत. एमबीबीएसला जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतंच आणि NEET ही प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. शिवाय आराखड्यात आहे ते सगळं जवळच्या हायर सेकंडरीत मिळेलच असं नाही. आधी तिथे जाऊन कोणते विषय खरोखर शिकवतात ते विचारा, मग मुलाशी बोला.

अपारच्या कागदाबद्दलही थोडं. अपार म्हणजे विद्यार्थ्याचा बारा अंकी ओळख क्रमांक. मुलाचं शिक्षण त्यावर नोंदलं जातं, पुढे क्रेडिट, म्हणजे शिकण्यात घातलेल्या तासांवर मोजलेले गुणांक, तेही तिथेच जमा होतात. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याचा हिशेब वर्षाला 1200 तासांच्या शिक्षणाचे 40 क्रेडिट असा आहे. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर अपारसाठी पालकांची संमती लागते. सही करण्याआधी आधार कार्डावरचं आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव एकच आहे का ते पाहा. एकीकडे नाईक, दुसरीकडे नायक, हे आपल्याकडे घरोघरी सापडतं आणि ते निस्तरायला वेळ जातो.

एप्रिलात शाळा सुरू करण्यावरून गोव्यात केवढं वादळ झालं! पालक हायकोर्टापर्यंत गेले. उन्हाळ्यात मुलांचे हाल होतात, ही काळजी खरीच होती. पण तेवढ्याच जोराने "वर्गात शिकवणार काय आणि मुलाला पास कशावर करणार" हे कुणी विचारलेलं मला दिसलं नाही. विचारणार कसं, नीट सांगितलंच नव्हतं तर.

माझं मागणं फार मोठं नाही. नववी सुरू होताना प्रत्येक हायस्कूलने दोन पानं मराठीत आणि कोंकणीत छापून घरी पाठवावीत. कोणते विषय, कुठल्या विषयाची परीक्षा बोर्ड घेणार आणि कुठल्याचं मूल्यमापन शाळा करणार, पास व्हायला किमान काय लागतं, एखाद्या विषयात मूल राहिलं तर पुढे काय, एवढं त्यात हवं. सभा कामाच्या दिवशी सकाळी दहाला ठेवू नये. हॉटेलात शिफ्ट करणारी आई आणि कदंब बसवर ड्युटी असलेला बाप त्या वेळी येऊच शकत नाहीत, आणि मग आपणच म्हणतो की पालकांना आस्था नाही. रविवारी ठेवा, देवळाच्या सभागृहात ठेवा, आम्ही शिक्षक येऊ. आणि पालकांनो, तुम्हाला तो कागद मिळाला नसेल तर पालक-शिक्षक संघाच्या (पीटीए) पुढच्या बैठकीत उभं राहून मागा. "मार्क धरतात का" हेही जरूर विचारा, फक्त त्याचं उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या.