सोडलेले स्ट्रायपरही मरतात: त्या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी लोकांच्या ग्रुपांवर सध्या "फ्लाय फिशिंगचं सत्य" नावाचा एक लांबलचक मेसेज फिरतोय. माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, आता मोजत बसू नकोस, सोडून देणार असू तर कितीही पकडले तरी चालतात." पोराने आत्ता कुठे रॅरिटन बेवर कास्टिंग, म्हणजे गळ लांब फेकणं, शिकायला घेतलंय आणि त्याला मिळालेला पहिला धडा हा. म्हणून लिहितेय, आणि चिडूनच लिहितेय.

मेसेजमध्ये काय आहे ते आधी सांगते. स्ट्रायपर, म्हणजे स्ट्राइप्ड बास, फ्लायवर, म्हणजे पिसं-केस बांधून केलेल्या नकली आमिषाच्या गळावर, पकडून सोडला की एकही मरत नाही, म्हणून आकड्याला मर्यादा नको. मासे कमी झाले ते कमर्शियल बोटींमुळे. जुलै-ऑगस्टात मासा सुस्त असतो, तेव्हा हलक्या रॉडवर दमवून पकडायला मजा येते. घरी न्यायचा तर सगळ्यात मोठा न्या, तो तसाही म्हातारा झालेला असतो. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या पुढे राज्याचा कायदा लागत नाही. आणि ऐंशीच्या दशकात मासे असेच संपले होते, आपोआप परत आले.

"एकही मरत नाही" यावर बाकी सगळा डोलारा उभा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पुरावा काय दिलाय, तर "आम्ही डोळ्यांनी बघितलंय, सोडल्यावर शेपटी मारून झपकन जातो". जातो ना, कोण नाही म्हणतंय? पण पुढे दोन दिवसांनी त्याचं काय झालं हे काठावर उभं राहून कुणाला दिसणार आहे? नेमकं हेच बघायला पॉल डिओडाटी आणि अ‍ॅन रिचर्ड्स या दोघांनी बंदिस्त खाऱ्या पाण्यात स्ट्रायपर गळाने पकडून सोडले आणि जवळपास दोन महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं. 1996 साली तो अभ्यास अमेरिकन फिशरीज सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. निष्कर्ष असा, की सोडलेल्यांपैकी साधारण 9 टक्के मरतात. परिस्थिती अगदी चांगली असेल तर 3 टक्के, आणि सगळंच वाईट जुळून आलं तर 26. फरक कशाने पडतो तर गळ किती खोल गेलाय, एकेरी आहे की तिहेरी, आणि पकडणारा नवशिका आहे की सरावलेला. शेवटचं वाक्य माझ्या भाच्याने दोनदा वाचावं.

हाच 9 टक्क्यांचा आकडा अटलांटिक स्टेट्स मरीन फिशरीज कमिशन, म्हणजे मेनपासून नॉर्थ कॅरोलायनापर्यंत या माशाचे नियम ठरवणारी संस्था, आपल्या हिशोबात धरते. आणि तो हिशोब बघितला की मेसेज लिहिणाऱ्याचा खरंच राग येतो. 2017 साली हौशी लोकांनी अंदाजे 3 कोटी 80 लाख स्ट्रायपर पकडून सोडले, त्यातले सुमारे 34 लाख मेले असं धरलं गेलं. त्याच वर्षी हौशी लोकांनी घरी नेलेले मासे साधारण 29 लाख. म्हणजे आपण खाल्ले त्यापेक्षा जास्त मासे आपण "सोडून" मारले! त्या वर्षी माणसाच्या हातून मेलेल्या एकूण स्ट्रायपरपैकी 48 टक्के हे असे सोडलेले. आणि हे लोक म्हणतात मोजू नका.

आता फ्लायबद्दल जे अर्धं खरं आहे ते मान्य करते, नाइलाजाने का होईना. फ्लायला एकेरी गळ असतो, आपण दोरी सतत हाताने ओढत असतो त्यामुळे मासा गिळायच्या आत तोंडाच्या कडेलाच अडकतो, म्हणजे खऱ्या आमिषापेक्षा फ्लाय नक्कीच बरी. क्लाउझर मिनो किंवा डिसीव्हर यांसारखी फ्लाय घशात गेलेली क्वचितच दिसते. म्हणूनच 2021 पासून आमिषाला सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ, सक्तीचा केला आणि फ्लायला नाही केला. पण मेसेजवाल्यांनी यातून काढलेला अर्थ बघा, "सरकारनेच मान्य केलंय की फ्लायने मासा मरत नाही." कुठे मान्य केलंय? कमी मरतात आणि मरत नाहीत यात फरक आहे, आणि 3 टक्के जरी धरले तरी ब्लिट्झ चालू असताना, म्हणजे थवेच्या थवे काठाजवळ येऊन खात असताना, दिवसभर एकामागून एक मासे ओढणारी शेकडो माणसं किनाऱ्यावर उभी असतात, त्या सगळ्यांचे तीन-तीन टक्के मिळून किती होतात ते आपलं आपण बघावं.

त्यात गळ एकेरी असून भागत नाही, हाताळणी महत्त्वाची. कोरड्या हाताने धरला, वाळूवर ठेवला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच थर त्याला रोगापासून वाचवतो. मोठ्या माशाला नुसत्या जबड्याने उभा लोंबकळत धरून फोटो काढायची जी फॅशन आहे ती तर बंदच व्हायला हवी, सगळं वजन जबड्यावर आणि मणक्यावर येतं. गळाच्या टोकाची उलटी अणी पक्कडीने दाबून टाका, मासा पाण्यातच ठेवून गळ काढा, फोटो हवाच असेल तर कॅमेरावाला तयार झाल्यावर हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन क्षणभर उचला आणि लगेच पाण्यात सोडा.

जुलै-ऑगस्टचा मुद्दा सगळ्यात घातक आहे. मासा उन्हाळ्यात "सुस्त" असतो कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, त्याला आधीच दम लागलेला असतो. अशात त्याला हलक्या रॉडवर वीस मिनिटं पळवायचं म्हणजे अंगात लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं आणि ते भरून काढायला पाण्यात पुरेसा प्राणवायूच नाही. पाणी 70 फॅरनहाइटच्या, म्हणजे 21 सेल्सियसच्या वर गेलं की जाणकार लोक स्ट्रायपरच्या मागे जात नाहीत. खाडीच्या वरच्या भागात, जिथे पाण्यात मीठ कमी, तिथे तर सोडलेले मासे आणखी जास्त मरतात. वर सांगितलेला 9 टक्के हा खाऱ्या पाण्यातला आकडा आहे. मेरीलँडने 2021 पासून 16 ते 31 जुलै स्ट्रायपरची मासेमारी बंद ठेवायला सुरुवात केली, पकडून सोडण्यासाठीसुद्धा. आपल्याकडे कोकणात जून-जुलैत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात हे ज्यांच्या आजोळी चालतं त्यांना यात नवीन काय वाटावं? आणि हलका रॉड तर कुठल्याच महिन्यात नको. 9 किंवा 10 वेटचा, म्हणजे दणकट, रॉड, जाड टिपेट (गळाला बांधलेला दोरीचा शेवटचा तुकडा), मासा लवकर काठाला आणायचा. उन्हाळ्यात हौस भागवायचीच तर ब्लूफिश आहे, ऑगस्ट संपताना फॉल्स अल्बाकोर यायला लागतो, त्याच्याइतकी दोरी पळवणारा मासा या किनाऱ्यावर मला तरी माहीत नाही.

कमर्शियल बोटींचं म्हणाल तर न्यू जर्सीत स्ट्रायपरची कमर्शियल मासेमारी आणि विक्री मुळात कायद्याने बंद आहे. मेरीलँड, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत चालते, तिथल्या कोट्याबद्दल माझीही तक्रार आहे. पण 2017 च्या त्याच हिशोबात कमर्शियलचा वाटा 10 टक्के होता, उरलेले 90 टक्के आपण हौशी लोक. दुसऱ्याकडे बोट दाखवायची जागा नाही ही. हां, एक खरं की स्ट्रायपर जिथे मोठ्या प्रमाणावर अंडी घालतो त्या चेसापीक खाडीत पिल्लंच नीट तगत नाहीयेत याला गळ जबाबदार नाही, कोरडे आणि कमी थंडीचे हिवाळे त्यामागे आहेत. मेरीलँडच्या पिल्लांच्या पाहणीत 2023 चा आकडा (जाळ्याच्या एका फेरीत सापडणारी सरासरी पिल्लं) 1.0 आला, एरवीची सरासरी 11 च्या पुढे. पण मग नवीन मासे येत नसताना आहेत ते जास्त जपायचे की जास्त दमवायचे?

"मोठा न्या, तो म्हातारा" हे निव्वळ अज्ञान. मोठा स्ट्रायपर म्हणजे बहुतेक वेळा मादी, गाभोळीने भरणारी, एका हंगामात लाखोंनी अंडी देणारी. तिला वाचवायलाच तर किनाऱ्यावर 28 ते 31 इंचांचा नियम आहे, दिवसाला एक मासा. त्याच्यावरचा सोडायचाच.

ऐंशीच्या दशकात मासे आपोआप परत आले हेही खोटं. 1984 मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्यासाठी वेगळा कायदा केला, मेरीलँडने 1985 ते 1990 मासेमारी पूर्ण बंद ठेवली, तेव्हा कुठे 1995 साली स्ट्रायपर सावरला असं जाहीर झालं. एवढी वर्षं लोकांनी कळ काढली.

राहिला तीन मैलांचा मुद्दा, आणि तो आजच्या आज थांबवायला हवा. तीन मैलांच्या पुढे राज्याचं पाणी संपतं आणि फेडरल पाणी लागतं, तिथे स्ट्रायपर पकडायला 1990 पासून बंदी आहे. ठेवायला तर आहेच, त्याच्या मागे जाऊन पकडून सोडायलासुद्धा. म्हणजे मेसेजमध्ये जिथे मोकळीक सांगितलीय नेमकी तिथेच पूर्ण मनाई. ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय त्यांनी बाकी काही पटो न पटो, निदान एवढं तरी त्याच ग्रुपवर आज लिहा, कारण येत्या शनिवारी कुणीतरी भाड्याची बोट घेऊन, पोराबाळांसकट, तीन मैलांच्या पुढे जायला निघणार आहे.