‘ड्रॉपर म्हणजे चोचले’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आपली प्रतिक्रिया सकाळी वाचली, ऑफिसातून आल्यावर पुन्हा वाचली. डोंगरात चालवायच्या सायकलवर आधी कशाला पैसे घालावेत, या माझ्या लेखावर आपण लिहिलंय की अपग्रेड, म्हणजे सायकलला अधिक चांगले भाग बसवणं, हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, आपण तरुणपणी साध्या सायकलवर सिंहगड उतरला आहात, माझ्या लेखाला दुकानदाराचा वास येतो, सीटपोस्टच्या म्हणजे सीटखालच्या दांड्याच्या जाडीबद्दल मी काहीच लिहिलेलं नाही, आणि शेवटी ड्रॉपरबद्दल, म्हणजे चालवतानाच खाली-वर होणाऱ्या सीटपोस्टबद्दल, हे वाक्य: ‘ज्याला उतारावर सायकल सांभाळता येत नाही तोच ड्रॉपर लावतो, युरोपातल्या बाइक पार्कांचं हे खूळ आपल्या टेकड्यांवर कशाला?’

मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण ओळख ना पाळख, आणि थेट ‘सांभाळता येत नाही’ आणि ‘दुकानदार’? मी आजवर कुठल्याही दुकानातून साधी ट्यूबसुद्धा फुकट घेतलेली नाही. लेखातली प्रत्येक वस्तू पगारातून घेतली, किमान एक पावसाळा वापरली आणि मगच लिहिलं.

आता त्या वाक्याकडे येतो. सीट पूर्ण उंच असली की पाय जवळजवळ सरळ होतो, म्हणून चढावर पेडलवर पूर्ण जोर लावता येतो. तीच उंच सीट तीव्र उतारावर आडवी येते. अंग खाली आणि मागे न्यायला जागा राहत नाही. पुढचं चाक दगडाच्या पायरीवरून खाली गेलं की सीट मागून ढकलते आणि माणूस हॅण्डलवरून पुढे फेकला जातो. ड्रॉपर सीटपोस्टमध्ये हॅण्डलवर अंगठ्याजवळ एक खटका असतो. तो दाबून बसलं की सीट १२५ किंवा १५० मिलीमीटर खाली जाते, उठून पुन्हा दाबला की वर येते. चालत्या सायकलवर, हात न सोडता.

ऑगस्ट २०११ मध्ये माझ्याकडे तो नव्हता. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून खाणीकडे उतरणारी वाट, ओला मुरूम. सायकल मला सांभाळता येत होती, पाच वर्षं आठवड्यातून तीनदा तीच वाट उतरत होतो. त्या दिवशी अर्ध्या तासात सहा वेळा थांबून क्लॅम्प, म्हणजे सीटपोस्ट आवळून धरणारी पकड, सोडवून सीट वरखाली केली होती. सातव्यांदा थांबलो नाही. कॉलरबोन मोडलं. दोन महिने डावा हात गळ्यात होता आणि बत्तीस वर्षांच्या मुलाच्या शर्टाची बटणं आई रोज सकाळी लावून देत होती. ‘सांभाळता येत नाही’ हे शब्द तुम्ही सहज टाइप केलेत. मला ते सहज वाचता आले नाहीत.

आणि कसब नसलेलेच ड्रॉपर लावतात म्हणता, तर मातेय मोहोरिच हे नाव ऐकलं आहे का? उतार उतरण्यात ज्याचा हात धरणारे जगात फार थोडे आहेत, असा हा स्लोव्हेनियाचा सायकलपटू. २०२२ ची मिलान-सान रेमो, म्हणजे डांबरी रस्त्यावरची शर्यत, त्याने रस्त्याच्या सायकलवर ड्रॉपर लावून जिंकली. शर्यतीतल्या शेवटच्या टेकडीच्या, पोज्जिओच्या, उतारावर सगळ्यांना मागे टाकलं. ज्याला आधीच उत्तम उतरता येतं त्याने तो लावला, कारण वजन खाली आलं की वळणावर सायकल जास्त विश्वासाने झुकवता येते.

राहिलं युरोपचं खूळ. इथे तुमचं म्हणणं बरोबर उलटं आहे. तिकडच्या बाइक पार्कात माणूस लिफ्टने वर जातो आणि खाली उतरतो. त्याने सकाळी एकदा सीट खाली केली तरी दिवस निघतो. आपल्याकडे लिफ्ट नाही. टेकडीवरची वाट दोनशे मीटर चढते, शंभर मीटर पडते, ओघळ ओलांडून पुन्हा चढते. गेल्या रविवारी मी मोजलं: दीड तासात सीट एकतीस वेळा वरखाली केली. एकतीस वेळा उतरून क्लॅम्प सोडवणार का तुम्ही? ड्रॉपरची खरी गरज कुठे असेल तर ती आपल्याच टेकड्यांवर आहे.

सिंहगडाबद्दल थोडक्यात. गडावर डांबरी रस्ता जातो. तो साध्या सायकलवर उतरणं सोपं नाही, तुमच्या त्या उतरण्याचा मला आदर आहे, पण खाणीकडची वाट ही वेगळी गोष्ट आहे. ‘साधी सायकल’ म्हणायचं तर या खेळाची सुरुवातच तिथून झाली. १९७६ साली कॅलिफोर्नियात मॅरिन काउंटीतली मुलं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून शर्यती लावायची. पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं (चाकाच्या मध्यभागातलं) ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर ते नव्याने भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच ‘रिपॅक’ पडलं. पण ती मुलं त्या साधेपणावर थांबली का? त्यांनी चांगले ब्रेक बसवले, गिअर बसवले. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बनवली आणि पुढे १९८० च्या दशकात सीट खाली-वर करायची ‘हाइट-राइट’ नावाची स्प्रिंग काढण्यातही त्याचाच हात होता. सीट खाली घ्यायची गरज सर्वात आधी त्या साध्या सायकलवाल्यांनाच पटली होती.

एक चूक मात्र मान्य. स्वस्त सायकलींमध्ये सीटपोस्टची जाडी बहुधा २७.२ मिलीमीटर असते आणि बरेचसे ड्रॉपर ३०.९ किंवा ३१.६ चे येतात, हे मी लिहायला हवं होतं. ते न बघता कुणी मागवला तर पैसे अडकतील. हे आपण दाखवलंत, त्याबद्दल आभार.

महागाईबद्दल लेखातच लिहिलं आहे, पुन्हा लिहीत नाही. निम्मा लेख टायरवर आहे, हेही तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. पंचवीस हजारांच्या सायकलवर आधी चांगले टायर, मग ट्यूबलेस (ट्यूबशिवाय चालणारे टायर), कारण बाभळीच्या काट्यांपुढे आणि सराट्यांपुढे ट्यूब टिकत नाही आणि टायरमध्ये भरलेला पातळ सीलंट ती छिद्रं जागच्या जागी बुजवतो. त्यानंतर हायड्रॉलिक, म्हणजे वायरऐवजी द्रवाच्या दाबाने चालणारे, ब्रेक. ड्रॉपर चौथ्या क्रमांकावर होता आणि कार्बनच्या चाकांना मी स्पष्ट नाही म्हटलं होतं. दुकानदाराने असा क्रम लावला असता का? चार परिच्छेद वाचायचे कष्ट घेतले असतेत तर तो शब्द लिहायची वेळ आली नसती.

सीटपोस्टच्या जाडीची ओळ आज रात्री लेखात घातली आहे. आपली प्रतिक्रियाही आहे तशी ठेवली आहे. ड्रॉपरचा परिच्छेद मी बदलणार नाही.