स्पीकर बदलू की चिरे लावू?

मुलाचा पुण्याहून फोन आला की आधी माझ्या गुडघ्याची चौकशी होते आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "बाबा, स्पीकर घेतलेत का?" दोन महिने हेच चाललंय. बागेचे पैसे आलेत हे त्याला ठाऊक आहे. पासष्ट हजारांची जोडी त्यानेच शोधून ठेवलीय. शेवटी काय ठरवलं ते इथे लिहून टाकतो, कारण तुमच्यातले तिघे-चौघे याच प्रश्नात अडकलेत हे मला माहीत आहे.

माझे स्पीकर १९९४ चे, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले. खालच्या सुरांसाठी आठ इंची वूफर, वर बारीक सुरांसाठी छोटा ट्वीटर, लाकडी पेट्या. मुंबईहून एसटीच्या टपावरून शिरोड्यापर्यंत आले आणि तेव्हापासून माजघराच्या कोपऱ्यातल्या शोकेसमध्ये बसले. यंदा शिमग्याच्या सुमारास उजवा फडफडायला लागला. डग्गा वाजला की पत्रा हलल्यासारखा आवाज. मुलाने फोनवर ऐकून निकाल दिला, "संपले ते."

संपले नव्हते. वूफरच्या कागदी कोनाभोवती फोमची गोल कड असते, ती कुजली होती. फोम पंधरा-वीस वर्षांत कुठेही भुगा होतो. आमच्याकडे तर दमट हवा आणि समुद्र पाऊण किलोमीटरवर, म्हणजे आणखी घाई. २०११ मध्ये एकदा बदलला होता, हे मी विसरूनच गेलो होतो. कुडाळातल्या मेकॅनिकने जाळी काढली, बोट लावलं, फोम पिठासारखा खाली पडला. "काका, फोम गेलो. बाकी काय्येक झाला नाय." दोन्हींचे मिळून अठराशे रुपये. मागे वायर जोडतात त्या टर्मिनलवर खाऱ्या हवेने हिरवी पुटं चढली होती, ती त्याने पॉलिश पेपरने घासली. वायरचं काळं पडलेलं टोक इंचभर छाटून नवीन सोललं. एवढ्यानेच आवाज किती उघडला हे सांगितलं तर पटणार नाही.

तरीही मी पुण्याला जाऊन ती नवी जोडी ऐकून आलो. घ्यायची नाही म्हणून न ऐकणं हा अप्रामाणिकपणा झाला असता. आणि खरं सांगतो, सुरेख वाजली. तानपुऱ्याच्या जोडाच्या दोन तारा वेगळ्या कळत होत्या, गाणारीने श्वास घेतलेला ऐकू येत होता. घरी येताना आंबोली उतरेपर्यंत तेच डोक्यात.

पण त्या दुकानातली खोली बघा. खाली गालिचा, भिंतींवर जाड पॅनेल, एसीची कुजबुज सोडली तर चिडीचूप. शिवाय विक्रेता महागडी जोडी लावताना आवाज किंचित वाढवत होता. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बोललो. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो, ही या धंद्यातली सर्वांत जुनी खोडी. आवाज सारखा करायला लावला तर फरक उरला, पण निम्मा. शेवटी विचारलं, "घरी आणून आठ दिवस ऐकायला द्याल?" त्याने पत्ता विचारला आणि हसला.

वॅटचं प्रकरणही एकदाचं मिटवू. 'तुमचा अँप्लिफायर पन्नास वॅटचा, हा शंभरचा' हे ऐकून लोक खिसा उघडतात. वॅट दुप्पट केले की आवाजाच्या मापात फक्त ३ डेसिबल वाढतात. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. माजघरात संध्याकाळी बसून ऐकताना एखाद-दोन वॅटच्या वर काही जातच नाही. बाकीचे अठ्ठेचाळीस बसून असतात.

दुसरी जाहिरात, 'खाली ३५ हर्ट्झपर्यंत उतरतो'. हर्ट्झ जितके कमी तितका सूर खालचा. मी ऐकतो काय? ख्याल, भजनाच्या डबल बाऱ्या (दोन बुवांचे सामने), थोडी नाट्यगीतं. गायकाचा षड्ज काळी एक असला तर तो १३९ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सत्तरच्या जवळ. तिथे माझे आठ इंची आरामात पोचतात. वरच्या टोकाचं तर विचारूच नका. माणसाचे कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतात, तेही लहानपणी. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी फोनवर तपासलं, बारा हजारांच्या पुढे शांतता. आणि मला विकायला निघालेत चाळीस हजार हर्ट्झचा ट्वीटर! तो माझ्यापेक्षा आमच्या मांजराला जास्त उपयोगी.

खरा बदल फुकटात झाला. स्पीकर शोकेसमधून काढले. कोपऱ्यात ठेवलं की दोन्ही भिंती बास, म्हणजे खालचे सूर, फुगवतात. तीस वर्षं मी तो फुगलेला 'ढब ढब' डग्गा म्हणून ऐकत होतो. गडग्यासाठी, म्हणजे कुंपणाच्या भिंतीसाठी, आणलेले जांभ्या दगडाचे चिरे पडवीत उरले होते. एकेका स्पीकरखाली तीन-तीन आडवे रचले, मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. ट्वीटर बरोबर कानाच्या उंचीला आला. भिंतीपासून दोन फूट पुढे, आणि दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर साधारण तेवढंच खुर्चीपासून प्रत्येकाचं. आता तळवा घासून काढलेला 'घीं' वर चढताना ऐकू येतो. बायकोने चिऱ्यांकडे बघून "हे आता इथेच राहणार?" एवढंच विचारलं.

आणि आपली जुनी घरं या कामाला फार चांगली आहेत, हे कुणी बोलत नाही. उतरतं छप्पर, वासे, कौलांच्या फटी. आवाज समोरासमोर आपटत बसत नाही, जास्तीचा बास कौलांतून निघून जातो. मागे आम्ही २०१६ मध्ये स्लॅबची खोली बांधली. तिथे टाळी वाजवा, झणझण ऐकू येईल. तिथे पासष्ट हजारांचेही स्पीकर आधी गोधड्या आणि पुस्तकांचं कपाट मागतील.

पण कौलांचा हिशोब उलटाही आहे. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस या कौलांवर पडतो. जून ते सप्टेंबर, वर तडतड चालू असताना गाणारीचा श्वास ऐकायला पासष्ट हजार? उरलेल्या महिन्यांत रात्री समुद्राची गाज असते. ती मला बंद करायची नाही.

मग कुणी घेऊच नये का? तसं अजिबात नाही. टीव्हीच्या पोटातल्या स्पीकरवर किंवा मुठीएवढ्या ब्लूटूथ डब्यावर गाणं ऐकत असाल तर वीस हजारांची साधी जोडी आजच घ्या, दुसरं जग दिसेल. त्याच्या वर मात्र दर दहा हजारांना मिळणारा फरक झपाट्याने आटत जातो. घेणारच असाल तर फोमऐवजी रबराची कड बघा, आपल्या हवेत टिकते. आणि ज्यांच्या पेटीतच अँप्लिफायर असतो ते आपल्याकडे नकोत. वीज चमकून बोर्ड गेला की ते वीस किलोचं धूड घेऊन मुंबई गाठा. केबलवर तर दमडी जास्त घालू नका. एका मित्राने चौदा हजारांची घेतलीय. माझ्याकडे घराच्या वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आहे, आणि त्यालाही ऐकून फरक सांगता आला नाही. (वाचत असशील तर राग मानू नकोस.)

तर घेतले नाहीत. बागेच्या पैशातून छपराच्या मागच्या पाख्याच्या रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बदलतोय, मिरगाच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आत व्हायला हव्यात.

मुलगा अजून हटलेला नाही. दिवाळीला मित्राची तीच जोडी गाडीत घालून आणतो म्हणतोय. आणू दे. चिरे आहेतच. दोन्ही जोड्या माजघरात लावू, आवाज सारखा करू, मी डोळे मिटून बसेन. मी हरलो तर इथेच लिहीन.