पोलीस पंक नव्हते, कबूल. पण नकलाकार?

अहो, 'द पोलीस' या ब्रिटिश रॉक बँडवरची तुमची कॉमेंट वाचली, राग वगैरे नाही आला. 'द पोलीस म्हणजे पंकची हवा बघून केस रंगवलेले जॅझवाले, त्यात जमैकाचा रेगे उचलून पैसे छापले, आणि मराठी ब्लॉगवर यांचं कौतुक कशाला?' असं तुमचं म्हणणं.

केसांचं आधी मिटवू. ते च्युइंगगमच्या जाहिरातीसाठी रंगवले होते, खिशात पैसे नव्हते म्हणून. बाकी पंक, म्हणजे तेव्हाचं साधं, रांगडं, बंडखोर रॉक वाजवणारे, ते नव्हतेच हो, 1977ला लंडनमध्ये बँड उभा राहिला तेव्हा गायक स्टिंग न्यूकॅसलकडे शाळेत शिकवून रात्री जॅझ वाजवून आलेला, ड्रमर कोपलँड प्रोग-रॉकमधला, म्हणजे लांबलचक गुंतागुंतीच्या रॉकमधला, आणि नंतर आलेला गिटारवाला अँडी समर्स तर 1942चा जन्म, पंकवाल्या पोरांचा काकाच शोभेल.

पण रेगे वरून भुरभुरवला हे काही पटत नाही बुवा. लंडनच्या पंकवाल्यांच्या रॉक्सी क्लबात डीजे डॉन लेट्स रेगेच लावायचा कारण पंकच्या रेकॉर्डीच तेव्हा फारशा निघालेल्या नव्हत्या, म्हणजे त्या पोरांच्या कानावर तो रोजचाच. क्लॅश या पंक बँडनेही रेगे वाजवला की, त्यांना सोडलंत?

आणि जरा ड्रम ऐका ना. रेगेच्या वन ड्रॉप या ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडतात, जोर तिसरीवर, म्हणजे आपण जिथे समेची वाट बघतो नेमका तिथेच ड्रमर गप्प. कोपलँडने ती मोकळी जागा घेतली आणि हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, स्वतःची बारीक कलाकुसर केली. 'रॉक्झॅन' हे गाणं स्टिंगने बोसानोवा या ब्राझिलियन ढंगात आणलं होतं, ते तसंच ठेवलं असतं तर कोणी विचारलं नसतं. समर्सचं तर वेगळंच, 'मेसेज इन अ बॉटल' गाण्यातल्या त्याच्या गिटारच्या कॉर्डमध्ये गंधारच नाही, त्यामुळे सूर खुश आहे की उदास ते कळत नाही आणि स्टिंगच्या आवाजाला मोकळं रान मिळतं. हे नकलेत जमत नाही.

पैशांचा मुद्दा खराय. वन ड्रॉप ज्याने गाजवला त्या बॉब मार्लेच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्ल्टन बॅरेटचं नाव किती जणांना माहितीय?

मराठी ब्लॉगवर कशाला म्हणाल तर मार्च 1980मध्ये हे तिघं मुंबईत होमी भाभा सभागृहात वाजवून गेलेत, तेव्हा बाहेरून मोठे बँड इथे फिरकायचेही नाहीत.

तुम्हाला झोडपायचंच असेल तर त्यांचा 1983चा अल्बम घ्या, त्यातलं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' अमेरिकेत आठ आठवडे नंबर वन होतं आणि त्या गाण्यात रेगे औषधालाही नाही. तिथे मी तुमच्या बाजूने भांडेन.