अपठित कवितेची तयारी होते सर, आणि खेड्यातही होते

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की अपठित, म्हणजे आधी न वाचलेल्या, कविता-उताऱ्याची तयारी करताच येत नाही, ते ज्याचं त्याचं उपजत असतं, बोर्डात त्याला मार्क तरी किती, आणि कापूस वेचून शाळेत येणाऱ्या पोरांना हे लाड कशाला, त्यांना तयार रसग्रहणं पाठ करायला द्या म्हणजे पास होतील. मला हे अजिबात पटलं नाही.

मार्कांचं आधी संपवू. दहावीच्या कुमारभारतीत, म्हणजे मराठीच्या पेपरात, अपठित गद्याला 80 पैकी 4 मार्क, बारावीला पण 4च, मान्य. पण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशी तीन खोकी करून जे रसग्रहण लिहायचं त्यालाही वाचायची तीच सवय लागते ना? आणि आपल्याकडची कितीतरी पोरं स्पर्धा परीक्षेच्या मागं आहेत, यूपीएससीच्या मराठीच्या अनिवार्य पेपरात न पाहिलेला उतारा समोर येतोच, तिथं कोणतं गाईड येणार कामाला?

आता खरा मुद्दा. गाईडातलं "कवीने साध्या सोप्या भाषेत आशय प्रभावीपणे मांडला आहे" हे वाक्य कोणत्याही कवितेखाली लिहा, चालून जातं. म्हणून तर ते निरुपयोगी आहे. खाली चार ओळी देते, माझ्याच आहेत, वर्गात वापरायला जुळवलेल्या (वेचा म्हणजे कापूस वेचायची पाळी, ओटी म्हणजे वेचलेला कापूस ठेवायला कमरेला बांधलेली झोळी):

सरला कापुस, वेचा झाला
ओटी मोकळी करुन आई
म्हणते, "पुढल्या साली पाहू"
बाप काहीच बोलत नाही

हे दिलं की आमच्या दर्यापूरकडची बहुतेक पोरं लगेच लिहितात, कर्जबाजारी शेतकऱ्याची व्यथा, आत्महत्या, सावकार. पण कर्ज कुठं आहे या ओळीत? सावकार कुठं आहे? मी एवढंच म्हणते की बोट ठेवून दाखव. मग हळूहळू सुरू होतं. आई "पाहू" म्हणते म्हणजे आधी कोणीतरी काहीतरी मागितलं असणार, पण मागणी कवितेत लिहिलेलीच नाही, आणि "आई", "बाप" म्हणणारं कोण तर घरातलं लेकरू, म्हणजे मागणारंही बहुधा तेच. आई "घेऊ" नाही म्हणत, "पाहू" म्हणते. बाप नाही म्हणत नाही न् हो पण म्हणत नाही, आणि कविता तिथंच थांबते. त्याच्या गप्प राहण्याला लाज म्हणा की हतबलता म्हणा, दोन्ही चालेल, फक्त कशावरून म्हणता ते ओळीतून दाखवा. एवढं आलं की झाली तयारी! यात उपजत काय आहे सांगा बरं, ही तर सवय आहे आणि सवय लावता येते.

आणि ही चूक खेड्यातल्या पोरांचीच आहे असं समजू नका. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकानं केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता दिल्या होत्या, 1929 साली त्यांच्या उत्तरांवर पुस्तकच काढलं. तिथली चांगली शिकलेली पोरंसुद्धा समोरचे शब्द सोडून मनात आधीच तयार असलेलं लिहून मोकळी झाली होती. कापूस दिसला की आत्महत्या, हे त्यातलंच आहे. उलट "वेचा" काय असतो, ओटी कधी बांधतात न् कधी सोडतात, हे आमच्या पोट्ट्यांना कोणी समजावून सांगावं लागत नाही, ही त्यांची जमेची बाजू आहे आणि तुम्ही तिलाच अडचण म्हणून राहिले सर, याचं मला फार वाईट वाटलं.

पाठांतराला माझा विरोध नाही. जणू, गमे, वाटे दिसलं की उत्प्रेक्षा अलंकार शोधायचा, अभंगाचे चरण कसे, ओवीचे कसे, हे पाठच पाहिजे. पण अलंकाराचं नाव लिहून थांबायचं नाही, तो तिथं नसता तर ओळीतून काय गेलं असतं तेही एका वाक्यात लिहायचं. गद्याला तर आणखी सोपं, कोण सांगून राहिलं आणि कोणाच्या नजरेतून दिसून राहिलं हे दोन प्रश्न आधी विचारायचे, मग आकृतिबंध, म्हणजे प्रश्नातली रिकामी आकृती, भरायचा.

राहिलं साहित्य कुठून आणायचं ते. गावचं वाचनालय सगळ्यात खालच्या "ड" वर्गाचं असलं तरी जुने दिवाळी अंक निघतातच, बालभारतीच्या साइटवर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत, आपली सोडून वेगळ्याच इयत्तेची कविता घ्यायची, कवीचं नाव झाकायचं, दोनदा मोठ्यानं वाचायची आणि पहिली दहा मिनिटं अर्थ लिहायचाच नाही, फक्त काय काय दिसतं ते लिहायचं. तूर सोंगायच्या दिवसांत पोरं शाळेत कमी येतात, तेव्हा फोनवर कवितेचा फोटो पाठवते, उत्तरं रात्री येतात, कधी दोनच ओळींची. तेवढी चालतात मला.